कारखान्यातला उंदीर

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘उंदीर’ म्हणालो आणि ते हसले. युनियनवाल्याने बोनसवर बोलावे, फार तर महागाईवर, अशी अपेक्षा असणारच. पण श्रोतेहो, ज्या शेडमध्ये वीस-पंचवीस माणसे लेथवर उभी असतात तेथे उंदीर हा कामगारांचाच प्रश्न आहे. शाळा आमची सातवीला सुटली. पुढे सांगतो त्यातले थोडे वाचलेले आणि बरेचसे सोसलेले आहे.

एका पावसाळ्यात शेडमध्ये गटाराचे पाणी शिरले. ओसरल्यावर आमच्यातल्या एकाने अनवाणी उभे राहून चिखल काढला. आठवड्याने ताप, पोटऱ्यांत ठणका, डोळे लाल. आम्ही समजलो पावसाळी ताप. कावीळ दिसू लागली तेव्हा इस्पितळात नेले, तर तो लेप्टोस्पायरोसिस निघाला. माणूस वाचला, पण दोन महिने बिनपगारी गेले. या रोगाचे जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात उतरतात आणि कातडीवरच्या चिरेतून अंगात शिरतात. लेथवाल्याच्या हातापायाला चीर नाही असा दिवस कोणता? २००५ च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईत याच रोगाची साथ पसरली होती. म्हणून पाण्यात उतरल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना आधी ते पाणी आणि ते उंदीर सांगावेत.

त्यानंतर आम्ही मालकाकडे विषाची मागणी केली. ही चूक आमचीच. झिंक फॉस्फाईड कणकेत मळून ठेवले. दोन रात्री उंदीर मेले, तिसऱ्या रात्रीपासून कणकेला कोणी तोंड लावीना. हे विष लवकर बाधते. थोडे खाऊन जो उंदीर आजारी पडून जगतो, तो त्या चवीला पुन्हा शिवत नाही. शिवाय त्यावर उतारा नाही, आणि आमचे डबे तेथेच टांगलेले! ब्रोमॅडायलोनसारखी विषे रक्त गोठू देत नाहीत. उंदीर काही दिवसांनी मरतो, म्हणून बाकीच्यांना संशय येत नाही. पण तो मरतो कोठे? आमच्याकडे पत्र्याच्या दुहेरी भिंतीत मेला, आणि पंधरा दिवस नाकाला रुमाल बांधून काम केले. महिन्याभरात शेजारच्या गोदामातून नवे आलेच.

कारण वाट उघडी होती. लहान घरउंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते, मोठ्याला अंगठ्याएवढी. घूस तर जोत्याखालून पोखरून येते. एका रविवारी आम्ही चौघांनी बॅटरी घेऊन शेड पाहिली. शटरखालची फट, वायरींची भोके, मोरीचे तोंड. मोरीला लोखंडी जाळी बसवली, भोकांत जाळीचे तुकडे कोंबून वर सिमेंट लावले, शटरला पत्र्याची पट्टी ठोकली. नुसती चिंधी कोंबू नये. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, तो कुरतडणारच. मशीन पुसण्याच्या कॉटन वेस्टचा ढीग मात्र आधी उचलावा. त्याच्याइतके उबदार बाळंतघर दुसरे नाही.

उरला प्रश्न खाण्याचा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रथम मांडवीत दिसला, तो भाग धान्याच्या वखारींचा. जेथे दाणा तेथे उंदीर. मालक म्हणाले, “तुम्हीच चपात्या सांडता.” खरे आहे, सांडतो. मशीनपाशी बसून जेवणारा आणखी काय करणार? १९४८ च्या कारखाना कायद्याने जेवणाची खोली सांगितली ती दीडशेहून अधिक कामगार असतील तेथे. आम्ही तेवीस. भांडून आम्ही एक कोपरा, दोन बाके आणि झाकणाचा डबा मिळवला, आणि उष्टे रोज बाहेर नेण्याची पाळी आपल्याकडे घेतली. पाळी चुकवणारे आमच्यातही निघालेच.

आत राहिलेल्यांसाठी चापाचे सापळे भिंतीला लागून ठेवावेत, उंदीर भिंतीच्या कडेनेच धावतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. काही दिवस चाप न लावता नुसते खाणे ठेवावे, मग लावावा. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून, हातमोजे घालून उचलाव्यात.

शटरखालची पट्टी वर्षभरात झिजते. ती आम्ही मे महिन्यातच बदलून घेतो.