धारवाडातून त्रिशंकू
त्रिशंकू हा तारकासमूह कॅमेऱ्यात टिपायचा तर पुण्यापेक्षा धारवाड बरं. अक्षांश साधारण साडेपंधरा. एप्रिलअखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास त्याचा तळचा तारा दक्षिण क्षितिजावर सुमारे ११ अंश चढतो. पुण्यात जेमतेम ८, दिल्लीत उगवतच नाही.

शेजारच्या हुबळीच्या नृपतुंग टेकडीवरून शहराचे दिवे झकास येतात, पण तारे त्यात बुडतात. त्यापेक्षा शहर पाठीशी टाकून अंधाऱ्या बांधावर ट्रायपॉड रोवा. पृथ्वी दर चार मिनिटांना एक अंश फिरते. शटर जास्त वेळ उघडं राहिलं की ताऱ्याची रेघ होते. ठोकताळा असा: ५०० भागिले फोकल लेंग्थ. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २० मिमीची लेन्स असेल, तर २५ सेकंद. फोकस हातानंच, एखाद्या ठळक ताऱ्यावर. ऑटोफोकस अंधारात चाचपडतो. आणि पुढ्यात एखादी बाभूळ असू द्या. नुसते ठिपके कोण बघणार?