इथे घोडे निपजत नाहीत

दिवाळी उरकली की आमच्या गावाबाहेरच्या वाटेने धनगरांचे वाडे कोकणाकडे उतरू लागत. पुढे मेंढरांचा धुरळा, मागे तट्टे. त्यांच्या पाठीवर पालाच्या काठ्या, भांडी, घोंगड्या, वर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि कधी वाटेतच जन्मलेले कोकरू. आम्ही पोरे त्यांना घोडा म्हणायला तयार नव्हतो. घोडा म्हणजे वरातीतला पांढरा, नाही तर पुतळ्यातला. हे आपले तट्टू. मराठीनेही त्याची किंमत कधीच ठरवून टाकली आहे. माणसाचा पाणउतारा करायचा तर त्याला ‘भाड्याचे तट्टू’ म्हटले की काम भागते.

त्या वाटेने मला जे वेड लावले ते अजून सुटलेले नाही. अकलूजचा बाजार, माळेगावची खंडोबाची जत्रा, तापीकाठचे सारंगखेडा इथे काही विकत न घेता हिंडणारा एक गिऱ्हाईक म्हणून सौदागर मला ओळखतात. त्यांच्याकडूनच घोडा पाहायला शिकलो. सौदागर तोंड दाखवतो, आपण पाय पाहायचे. घोडा सपाट जमिनीवर उभा करायचा. समोरून पाहिले तर छातीपासून खुरापर्यंत पाय ओळंब्यात हवेत. मागून पाहिले तर ढोपरे आत वळून एकमेकांना घासायला नकोत. खांदा उतरता असेल तर पाऊल लांब पडते, उभा असेल तर आखूड पडते आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात. गुडघ्याखालची नळी आखूड नि जाड असावी, पाठ आखूड असावी, खुराला भेगा नसाव्यात. दातांवरून वय काढायचे. पाचव्या वर्षी सगळे दात पक्के होतात, पुढे अंदाज सुरू होतो आणि सौदागराची वाणी गोड होते.

एवढे सगळे जमले तरी सौदा मोडतो तो गोमेवर. घोड्याच्या अंगावर केस उलटे फिरून भोवरा पडतो, किंवा गोमेसारखी ओळ उमटते. ती कुठे आहे, तिचे तोंड कुणीकडे आहे, यावर जनावर लाभाचे की घातकी हे ठरते. गळ्याखालचा भोवरा देवमण, तो शुभ. पायावरचा भोवरा खाली वळला तर खुंटा रोवणारा, वर वळला तर खुंटा उपटणारा. ‘नेमकी गोम इथेच आहे’ असे आपण बोलतो तेव्हा एखाद्या घोड्याच्या अंगावरून बोट फिरवत असतो, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. एका उलट्या गोमेपायी उत्तम पायांची घोडी निम्म्या किमतीला गेलेली मी पाहिली आहे. ती घेणारा गालात हसत होता. माझ्या मते बाजारात शहाणा तो एकटाच.

पण तट्टाची खरी परीक्षा चालीत. कदम चालीत चारही पाय वेगवेगळे पडतात. दुडकीत तिरक्या जोडीचे पाय एकदम उचलले जातात, ठोके दोन, आणि ओझे उसळते. रेवाल चालीत एका अंगाचे पाय एकामागून एक झरझर पडतात, ठोके पुन्हा चार, आणि पाठ जवळजवळ हलत नाही. ही चाल पुष्कळदा उपजत असते. आइसलँडच्या घोड्यांवरच्या संशोधनात 2012 साली असे आढळले की, एका जनुकातल्या एका बदलावर अशा चालीची क्षमता बरीचशी अवलंबून असते. म्हणजे चाल शिकवता येते, पण मुळात ती रक्तात असावी लागते.

मी हे ज्ञान एकदा एका वाड्यावरच्या म्हाताऱ्या धनगराला ऐकवले. त्याच्या कुमैत, म्हणजे तांबूस, तट्टाणीचा ओठ उचलून दात मोजत होतो. तो म्हणाला, “दात कशाला मोजताय? चालवून बगा की. वरची कोंबडी गप बसली, तर जनावर चांगलं.”

तट्टाकडे अशा नजरेने आधी कोणी पाहिले होते का, हे शोधत त्या वाक्याने मी पुन्हा जुन्या पुस्तकांकडे वळलो आणि मला भेटला अफनासी निकितिन. रशियातल्या त्वेरचा हा व्यापारी. ‘परदेसी’ चित्रपटामुळे तो नावाने माहीत असतो, रेवदंड्यात त्याचे स्मारकही आहे. पण तो आला होता घोडा विकायला, हे आपण विसरतो. 1470च्या आसपास, बहमनी राजवटीत, होर्मुझहून एक घोडा गलबतात घालून तो चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला पोचला. वाटखर्च धरून घोडा त्याला शंभर रुबलांना पडला होता. पावसाळा लागला. रात्रंदिवस चिखल आणि पाणी, असे तो लिहितो. तशात जुन्नरच्या असदखानाने घोडा काढून घेतला. मुसलमान हो, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही तर दोन्ही गेले. मुदत चार दिवस. शेवटी मुहम्मद नावाच्या एका खुरासानी माणसाने रदबदली केली आणि निकितिनला धर्म आणि घोडा दोन्ही परत मिळाले. पुढे बिदरला त्याने तो विकला. वर्षभर पोसायला खर्च आला अडुसष्ट फनम. या देशात घोड्यांना हरभरे घालतात, साखर-तूप घालून खिचडी शिजवतात, हेही त्याने टिपून ठेवले आहे. खिचडी खाणारा घोडा कोणत्या व्यापाऱ्याला परवडणार!

आता गोम. निकितिन लिहितो की या देशात घोडे निपजत नाहीत, इथे बैल आणि म्हशी निपजतात आणि ओझी वाहायला तीच वापरतात. पण तोच पुढे आळंदच्या जत्रेचे वर्णन करतो. आळंद आज कलबुर्गी जिल्ह्यात, सोलापूरपासून फार दूर नाही. तिथे देशभरातून माल येतो आणि वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात, असे तो सांगतो. प्रवाशांचे आकडे फुगलेले असतात. निम्मे धरा, पाव धरा. तरी तेवढे सगळे जहाजातून आले होते? मला पटत नाही. त्या गर्दीत याच मातीतली तट्टे असणारच. निकितिनच्या डोळ्यांसमोरून ती गेली, पण तो होर्मुझचा माल विकायला आला होता. जे आपल्या मालाशी जुळत नाही ते व्यापाऱ्याला दिसत नाही.

त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी मार्को पोलोला निदान दिसले तरी होते. तमिळ किनाऱ्याबद्दल त्याने लिहिले की जातिवंत नर जातिवंत घोडीला लावला तरी इथे शिंगरू खुरटे, वेड्यावाकड्या पायांचे निघते आणि स्वारीच्या कामाचे राहत नाही. आपल्या देशातल्या शिंगरांची अंगलट तपासून परक्याने दिलेला हा एक जुना निकाल, आणि तो नापासाचा.

दख्खनने मात्र हा निकाल मानला नाही. अरबी-इराणी नर आणि इथल्या काटक घोड्या यांच्या संकरातून भीमा-नीरेच्या काठी जे जनावर घडले ते भीमथडी. थडी म्हणजे काठ. इंग्रजी अमलात भीमथडी नावाचा तालुकाच होता. आजचे बारामती आणि दौंड त्यात येत. मध्यम चणीचा, गडद कुमैत, काळ्या पायांचा, असे वर्णन जुन्या इंग्रजी लेखनात मिळते. मराठ्यांचे शिलेदार आणि बारगीर, पालखेड, दिल्लीची धडक हे वाचकांना पाठ आहे, म्हणून ते सोडून देतो. एकच आठवण देतो. निकितिनच्या जुन्नराजवळून कुकडी वाहते. ती ज्या नदीला मिळते आणि जी पुढे भीमेला जाऊन मिळते, तिचे नाव घोड. निकितिनला हे कोणी सांगायला हवे होते.

साहेबानेही मग निकितिनचीच री ओढली. एकोणिसाव्या शतकात सरकारने हिंदुस्थानातली अवलाद ‘सुधारायला’ अरबी, थरोब्रेड आणि नॉरफोक ट्रॉटर नर आणले. हेतू होता रिसाल्याला उंच घोडा मिळवण्याचा. इंग्रजी मोजणीत खोगिराच्या पुढचा उंचवटा साधारण 147 सेंटिमीटरच्या वर गेला तर घोडा, खाली राहिला तर तट्टू. एका रेषेने लायकी ठरली. स्वाऱ्या थांबल्या, पागा मोडल्या. तट्टू उरले ते धनगरांकडे, कारण त्यांनी उंची कधी विचारलीच नाही.

राजा बढे यांच्या ज्या गीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे, ते 2023 साली राज्यगीत झाले. त्यानंतर थोड्याच काळात भीमथडीची देशातली घोड्यांची आठवी जात म्हणून अधिकृत नोंद झाली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी यांच्या पंगतीत आपले तट्टू बसले. आनंद आहेच. तरी मनात एक पाल चुकचुकते. जे संकरातून घडले, त्याची शुद्धता आता जपायची आहे. नोंद म्हटली की नमुना ठरतो, नमुना ठरला की देखणेपणाला भाव येतो आणि सौदागर पुन्हा तोंड दाखवू लागतो. वाड्यांच्या वाटा तुटत आहेत, सामान टेम्पोतून जाऊ लागले आहे. ओझे नाही म्हणजे चालीची निवड नाही. जी घोडी डोंगर उतरताना ठेचकाळत नाही तिचीच शिंगरे ठेवायची, हा कागदावर न लिहिलेला नियम या जातीचा खरा जनक आहे. तो मोडला तर रंग आणि उंची टिकेल, भीमथडी टिकणार नाही.

म्हणून नोंदी करायला जाणाऱ्यांना एक विनंती. मोजपट्टी न्या, रक्ताचे नमुने घ्या, गोम दिसली तर तीही लिहून ठेवा. पण सोबत एक कोंबडीही घेऊन जा.