दंतवैद्याची दुसरी परीक्षा

दात उपटण्याचे काम न्हावी, लोहार आणि जत्रेतील भोंदू वैदू यांच्या हातून काढून शिक्षित दंतवैद्याच्या स्वाधीन करण्यास इंग्लंडला अवघे एकोणिसावे शतकही पुरले नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने दंतशल्याची पहिली परीक्षा 1860 साली घेतली. 1878 च्या कायद्याने ‘दंतवैद्य’ या पदवीनामाला संरक्षण मिळाले, परंतु ते नाव न लावता धंदा करण्याची मुभा कायम राहिली. आणि अखेर 1921 च्या कायद्याने नोंदवहीत नाव नसलेल्याने दंतचिकित्सा करणे हा गुन्हा ठरविला, तेव्हादेखील पूर्वीपासून धंदा करणाऱ्या अनेकांना त्यांच्या अनुभवाच्या जोरावर नोंदवहीत सामावून घ्यावे लागले. 1956 साली ही नोंदवही जनरल डेंटल कौन्सिलकडे आली. परदेशात शिकून आलेल्या दंतवैद्यापुढे आज जी परीक्षा उभी आहे, तिच्यामागे हा इतिहास आहे. आणि तो ध्यानी घेतला असता, परक्याला दाराबाहेर ठेवण्याच्या हेतूने ती निर्माण झाली असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीडीएस पदवी घेऊन, म्हणजे चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षभराची इंटर्नशिप पुरी करून, लग्नानंतर किंवा उपजीविकेसाठी लंडन-बर्मिंगहॅमकडे गेलेल्या आपल्याकडील मुलीला त्या पदवीच्या बळावर तेथे एका दातालाही हात लावता येत नाही. युरोपीय देशांतील पदव्या मात्र परीक्षेवाचून ग्राह्य धरण्याची तजवीज ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही चालू राहिली. बाकीच्यांसाठी 2001 पासून एक पात्रता परीक्षा होती. 2007 साली तिची जागा ‘ओव्हरसीज रजिस्ट्रेशन एक्झामिनेशन’ने घेतली. उमेदवारांच्या तोंडी ती नुसती ‘ओआरई’ आहे. रॉयल कॉलेजची जुनी परीक्षा हा तिला एक पर्याय आहे, परंतु परीक्षा द्यावयाचीच, हे दोन्हीकडे सारखेच. ओआरईला बसण्यापूर्वी इंग्रजीचे ज्ञान सिद्ध करावे लागते; त्यासाठी आयईएलटीएस चाचणी दिल्यास तीत एकूण 7 आणि प्रत्येक विभागात निदान 6.5 गुण मिळवावे लागतात. मग पहिला भाग: दोन लेखी प्रश्नपत्रिका, ज्यांत शरीरशास्त्र व रोगविचारापासून कायदा आणि व्यवसायनीतीपर्यंत सारे विचारले जाते.

खरी कसोटी दुसऱ्या भागात लागते. उमेदवारासमोर फँटम हेड, म्हणजे रबरी गालांचा कृत्रिम चेहरा, जिवंत रुग्णासारखा खुर्चीवर बसविलेला असतो. त्याच्या जबड्यातील प्लास्टिकच्या दाढेत, आरशात पाहात, एअरोटर या वेगवान ड्रिलने भरणीसाठी खळगा कोरावयाचा किंवा कॅपसाठी दाढ घासावयाची. खऱ्या दातात कठीण इनॅमल संपून मऊ डेंटीन लागले की अनुभवी हाताला ते तत्काळ जाणवते. प्लास्टिकमध्ये हा संकेत मिळत नाही, खोली केवळ नजरेने आणि मोजमापाने राखावी लागते. दोन दातांच्या सांध्यात खळगा नेताना ड्रिलचे टोक शेजारच्या निरोगी दाताला किंचित जरी घासले, तरी तो ओरखडा परीक्षकाच्या दृष्टीस पडतो. कारण प्रत्यक्ष रुग्णाच्या तोंडात अशा ओरखड्यापाशी पुढे कीड धरण्याचा संभव असतो. याखेरीज रुग्णाची भूमिका करणाऱ्या नटाला उपचार समजावून त्याची संमती घेणे, रोगनिदान करून उपचारांची आखणी करणे, आणि खुर्चीवरच कोणी बेशुद्ध पडल्यास त्याचे प्राण वाचविणे, यांच्याही परीक्षा होतात. यातील एकही अपेक्षा गैरवाजवी नाही.

गैरवाजवी आहे ती परीक्षेची दुर्मिळता. प्रत्येक भागासाठी चार संधी, आणि पहिल्या भागाच्या पहिल्या प्रयत्नापासून पाच वर्षांच्या मुदतीत दुसरा भाग उत्तीर्ण होण्याचे बंधन, असा नियम होता; आणि 2020 साली करोनाच्या साथीमुळे ही परीक्षा जी बंद पडली, ती 2022 उजाडेपर्यंत पुन्हा सुरू झाली नाही. मुदतवाढ द्यावी लागली, जागांसाठी झुंबड उडाली. 8 मार्च 2023 रोजी अंमलात आलेल्या आदेशाने कौन्सिलला परीक्षेचे नियम ठरविण्याची अधिक मोकळीक दिली, परंतु त्याच आदेशाने आपल्या दंतपदवीच्या आधारे हायजिनिस्ट किंवा थेरपिस्ट म्हणून नोंदणी करण्याचा परदेशी दंतवैद्यांचा मार्गही बंद केला. आणि याच देशात, फेब्रुवारी 2024 मध्ये, ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, रुग्ण घेणारा दवाखाना उघडताच नाव नोंदविण्यासाठी शेकडो माणसे रस्त्यावर रांगेत उभी राहिली, आणि ती रांग आवरावयास पोलिसांना यावे लागले! एकीकडे दातदुखीने हैराण झालेले रुग्ण आणि दुसरीकडे परीक्षेच्या तारखेची वाट पाहणारे शिक्षित हात, हे दृश्य कोणत्याही राज्यव्यवस्थेला भूषणावह नाही.

अन्य देशांची रीत वेगळी, तत्त्व तेच. कॅनडात 1952 साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले राष्ट्रीय मंडळ ज्ञान, निर्णयशक्ती आणि हस्तकौशल्य यांची क्रमाने परीक्षा घेते. ऑस्ट्रेलियात लेखीनंतर प्रात्यक्षिक होते. आणि अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना निराळा असून, बहुतेक ठिकाणी तेथील महाविद्यालयात दोन-तीन वर्षे पुन्हा शिकावे लागते, ज्याचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाची जन्माची पुंजी खाऊन टाकतो.

परदेशातून दंतपदवी घेऊन परतणाऱ्या भारतीयांसाठी आपल्याकडेही चाळणी परीक्षेची तरतूद आहे. तेव्हा परीक्षेच्या तत्त्वाविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु जो अधिकारी परीक्षेची सक्ती करतो, त्याच्यावर ती पुरेशा वेळा, पुरेशा जागांनिशी आणि सामान्य माणसाला परवडेल अशा शुल्कात घेण्याचे बंधन ओघानेच येते; हे बंधन न पाळले, तर परीक्षेचा अडसर होतो आणि त्याची झळ अखेर रुग्णालाच लागते. आपल्या मुलांना या वाटेने धाडणाऱ्या पालकांना एवढेच सांगणे आहे की, दलालाच्या शब्दावर विसंबू नका, त्या त्या देशाच्या कौन्सिलचे चालू नियम स्वतः वाचा, आणि परीक्षेची तारीख मिळेपर्यंतच्या काळात मुलांचा हात कामातून सुटू देऊ नका. कारण वर्षभर ड्रिल न धरलेला हात परीक्षकाच्या आधी ती दाढच ओळखते.