चढा गुंजवण्याला, उतरा वेल्ह्याला

स्वतःची गाडी घेऊन गडावर जाणाऱ्याची एक कायमची पंचाईत असते: गाडी जिथं लावली, तिथंच परत उतरावं लागतं. एसटीनं जाणाऱ्याला ही बेडी नाही. गुंजवण्याकडून चोरदरवाजानं राजगड चढावा, पद्मावती माची बघावी, मग संजीवनी माचीच्या आळू दरवाजातून बाहेर पडून डोंगराच्या सोंडेवरून तोरण्याची बुधला माची गाठावी आणि वेल्ह्यात उतरून पुण्याच्या गाडीची वाट बघत चहा प्यावा. ‘इकडून चढा, तिकडून उतरा’ या चालीला भोर आणि वेल्ह्याइतके सोयीचे तालुके पुणे जिल्ह्यात दुसरे नाहीत, असं आमचं ठाम मत आहे.

आधी पाटी वाचा. १३ मार्च २०२४ ला राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं नाव ‘राजगड’ करायला मंजुरी दिली. पण म्हणून स्वारगेटला ‘राजगडची गाडी कुठं लागते?’ असं विचारू नका. वेल्ह्याचीच गाडी विचारा. ती कात्रज, नसरापूर करत जाते. राजगडवाल्यांनी मार्गासनीला उतरायचं; तिथून गुंजवण्यापर्यंत वडाप, नाहीतर आपले पाय.

नसरापूरला घाई नसेल तर बनेश्वर. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं महादेवाचं देऊळ, भोवती दाट बन, मागं छोटा धबधबा. देवळातली घंटा मात्र ख्रिस्ती आहे! चिमाजीअप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांकडून आलेली ही घंटा. वर १६८३ साल आणि क्रूस कोरलेला. बनातली पायवाट लहान मुलांना आणि गुडघेदुखीवाल्यांना झेपेल अशी.

तोरण्याची उंची १,४०३ मीटर. जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. मेंगाईच्या देवळात मुक्काम करणाऱ्यांना ब्रह्मपिशाच्च भेटतं, अशी वदंता ट्रेकर मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाठपिशवीतला खाऊ पळवणारे उंदीर बहुधा जास्त खरे. राजगडावर सुवेळा माचीला कातळाच्या भिंतीत आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. आत बसलं की वारा कानशिलं बडवतो. आग्या मोहळं दिसली तर मात्र आवाज बंद, अत्तर बंद, धूर तर अजिबात नाही. राजगडाला जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. रविवारची गर्दी त्याआधीपासूनच जागतिक दर्जाची होती.

आता पाणी. या दोन तालुक्यांत मिळून पाच मोठी धरणं आहेत: भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव. त्यातलं पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं आणि पुण्याचा नकाशा बदलून गेलं. पण मजा आहे ती भाटघरची. १९२० च्या दशकात बांधून झालेलं हे धरण, इंग्रजी अमदानीतलं नाव लॉईड डॅम. जलाशय आधी लेक व्हाइटिंग होता, आता येसाजी कंक जलाशय आहे. क्षमता सुमारे साडेतेवीस टीएमसी. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. कुणी बटण दाबायचं नाही. आजचं धरण होण्याआधी याच वेळवंडी नदीवर व्हाइटिंगचं जुनं धरण होतं, ते आता नव्याच्या पोटात पाण्याखाली उभं आहे.

पाण्याखाली एक महादेवही आहे. वेळवंडीच्या पात्रातलं कांबरेश्वराचं देऊळ वर्षातले बहुतेक महिने बुडालेलं असतं आणि मे-जूनमध्ये, पाणी तळाला गेलं की, तेवढ्यापुरतं दर्शन देतं. जायचं तर तेव्हाच, आणि भोर स्टँडवर गाडीची चौकशी करून. उन्हाचं म्हणाल तर टोपी, पाणी आणि पहाटेची वेळ, एवढाच इलाज. जाताना कापूरहोळ–भोर रस्त्यावर डोळे उघडे ठेवा: नीरा नदी गळ्यातल्या हारासारखं वळण घेते ती जागा, नेकलेस पॉइंट, याच रस्त्यावर आहे.

आणि चिखल! परदेशातले लोक दलदलीतून चालायला लाकडी फळ्यांच्या वाटा बांधतात. आपल्याकडे पावसाळ्यात भातखाचरांचे बांध आहेत. भाताची आवणी चाललेली असेल तर बांधावरून चालावं, खाचरात पाय घालू नये, कुणाचं तरी रोप असतं. वर पठारावर दुसरी गंमत. कातळावर बोटभर माती, त्यात पाणी साचून राहतं आणि खायला मिळत नाही म्हणून झाडं शिकारीला लागतात. सीतेची आसवं ही निळसर नाजूक फुलं दिसतात गरीब, पण त्यांच्या मुळाशी बारीक फुगे असतात आणि त्यात पाण्यातले सूक्ष्म किडे अडकतात. दवबिंदू नावाची वनस्पती पानावरच्या चिकट थेंबांनी माशी धरते. सह्याद्रीच्या ओल्या सड्यांवर ऑगस्ट-सप्टेंबरात गुडघे टेकून बघितल्याशिवाय ती सापडत नाहीत. उभ्यानं फक्त सोनकी दिसते.

रायरेश्वराचं पठार यासाठी नामी. भोरहून आंबवड्यामार्गे कोर्ल्याला जायचं. आंबवड्याला संस्थानकाळातला झुलता पूल आहे, तो चुकवू नका. स्वराज्याची शपथ रायरेश्वरावर घेतली गेली, अशी परंपरा आहे. सात रंगांची माती आहे. आणि वर माणसं राहतात, शेती करतात. लोखंडी शिडीनं चढावं लागणाऱ्या या पठारावर काही वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर नेला. कसा? सुटा करून, भाग खांद्यावर घेऊन, वर पुन्हा जोडून.

ज्यांना डोंगर ‘ओलांडायचा’ आहे त्यांनी पावसाळा संपल्यावर केळद गाठावं. मढे घाटाचा धबधबा बघून उपांड्या घाटानं उतरलं की कर्णवडी, रानवडी आणि पुढं महाडची एसटी. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच मढे घाटानं उमरठला नेला, असं सांगतात. देशावर चढून कोकणात उतरायचं, आणि परतीचं तिकीट महाडहून! वाट माहीत असलेलं माणूस मात्र बरोबर हवंच.

खर्चाचं गणित सोपं आहे. ७५ वर्षांवरच्यांना एसटी ऑगस्ट २०२२ पासून मोफत, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. आजी, सून आणि नात निघाल्या तर खर्च निम्म्याहूनही खाली येतो. लांब हिंडायचं असेल तर ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास.

खरी अडचण फेऱ्यांची. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या ५५ हजारांच्या आत होती. माणसं थोडी म्हणून गाड्याही थोड्या. त्यावरचा जुना तोडगा म्हणजे मुक्कामी गाडी. ती संध्याकाळी शेवटच्या गावी जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे गाडी गावाला घेऊन शहराकडे निघते. दुधाचे कॅन, भाजीची पोती, कॉलेजची पोरं, सगळे त्या एका गाडीत. डोंगरातून उतरलेल्याला हीच गाडी पकडायची असेल तर आदल्या रात्रीच गावात पोचलेलं बरं.

शाळेच्या वेळा सांभाळणाऱ्या फेऱ्या रविवारी बऱ्याचदा नसतात, तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवशी जमत असेल तर तेव्हाच निघा. सुट्टे पैसे ठेवा. आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता, कुठल्या फाट्यावरून, हे सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या.