न विचारलेला प्रश्न

बालरोगतज्ज्ञाकडे मूल येते ते पोटदुखी घेऊन. मनातले दुःख घेऊन ते कधी येत नाही. काही वर्षांपूर्वी मलाजखंडच्या वसाहतीतील एका नऊ वर्षांच्या मुलाला मी वारंवार जंतांचे औषध दिले. वडील गेल्यानंतर घरात काय घडते आहे, हे मात्र विचारले नाही. अठराव्या वर्षी त्याच्या कानात आवाज येऊ लागले. वर्षभर झाडफूक झाली आणि मग कुठे नागपूरला उपचार सुरू झाले. त्या दुःखानेच आजार झाला असे मी म्हणणार नाही. पण तो न विचारलेला प्रश्न आजही सलतो.

अशा वेळी डॉ. मोहन आगाशे यांचे कार्य आठवते. 'घाशीराम'मधील नाना फडणवीस म्हणून ते सर्वांना परिचित. पण पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात ते मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक होते आणि १९९१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे संस्थापक-संचालकही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्या आघाताचे मनावरील परिणाम तपासणाऱ्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अभ्यासाचे ते प्रमुख संशोधक होते. भिंती पुन्हा उभ्या राहतात. मनाची पडझड मोजायला वर्षे लागतात. बर्लिनच्या 'ग्रिप्स'ची बालनाट्य-चळवळही त्यांनीच मराठीत रुजवली. मुलाच्या नजरेतून जग पाहणे हेच तिचे सूत्र.

शास्त्र आता काय सांगते? २०१२ मध्ये ३६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. बालपणी छळ, उपेक्षा वा अन्य आघात सोसलेल्यांत सायकोसिसची शक्यता सुमारे पावणेतीन पट आढळली. अर्थात, बहुसंख्य आघातग्रस्त मुलांना हा आजार होत नाही. आनुवंशिकता, गांजा यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून पालकांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. मात्र उपचारांना जितका विलंब, तितके बरे होणे अवघड, हे निश्चित.

तेव्हा सहकाऱ्यांना विनंती एवढीच : पोट तपासून झाले की मुलाला एकट्याने विचारा, "बाळा, तुला कोणाची भीती वाटते का?" पौगंडावस्थेत अभ्यास अचानक घसरला, झोप उडाली, एकलकोंडेपणा वा संशय वाढला, तर 'वयच तसे आहे' म्हणून सोडून देऊ नका. २०२२ पासून 'टेली-मानस'चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांकही उपलब्ध आहे.

औषध लिहायला एक मिनिट पुरते. हा प्रश्न विचारायलाही तेवढाच वेळ लागतो. उत्तर ऐकायला मात्र थोडे थांबावे लागते.