उंबराचं फूल कुणी पाहिलं?

बऱ्याच दिवसांनी पाहुणा दारात उभा राहिला की आपण म्हणतो, "काय, अगदी उंबराचं फूल झालात!" त्यामागची समजूत अशी, की उंबराला फूल येतच नाही आणि आलंच तर मध्यरात्री येतं, एखाद्या भाग्यवंताला दिसतं. प्रत्यक्षात ही फुलं रोज आपल्या पायाखाली येतात. उंबराचं फळ म्हणजे एक बंद गोळा. तो कोवळा असताना उभा चिरा. आतल्या बाजूला शेकडो बारीक फुलं दाटीवाटीने लागलेली दिसतील. हाताशी भिंग असेल तर फारच छान.

"पण उंबर किडकं असतं ना?" फोडलं की चिलटं उडतात खरी. ती किडकेपणाची खूण नव्हे. ती गांधीलमाशीच्या गोतातली, जेमतेम दोन मिलिमीटरांची माशी. उंबराच्या टोकाला बारीक छिद्र असतं. त्यातून मादी आत घुसते आणि वाट इतकी अरुंद, की तिचे पंख तिथेच तुटतात. अंगावरचे परागकण ती फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. त्या फुलांत तिची पिल्लं वाढतात, उरलेल्यांत बी धरतं. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर आधी फुलांतून बाहेर पडतात, माद्यांशी जुगतात, गोळ्याला आतून भोक पाडतात. त्यांचं काम तेवढंच. माद्या पराग घेऊन त्या भोकातून उडतात, नवं कोवळं उंबर शोधायला. या गर्दीत काही फुकट्या माश्याही असतात. राहायला जागा हवी, पराग वाहायला नको! वड-पिंपळाचा संसारही असाच, फक्त माशी ज्याची त्याची वेगळी.

यावरूनच हल्ली मोबाइलवर एक संदेश फिरतो: अंजिरात मेलेली माशी असते, म्हणून ते मांसाहारी. अंजीर उंबराच्याच कुळातलं, आणि तुर्कस्तानातल्या सुक्या अंजिराच्या नामांकित जातीला माशी लागते हेही खरं. पण आपल्या पुरंदरचं अंजीर परागीभवनाशिवायच धरतं. त्यात माशीचा संबंधच येत नाही.

असाच गैरसमज काजूबद्दलही. काजूचं बी फळाच्या बाहेर लोंबतं, असं कोकणात पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. गंमत उलटी आहे. रसाळ बोंड म्हणजे फुगलेला देठ. खरं फळ खालची ती करडी बी, आणि आपण खातो तो तिच्या आतला गर. गोव्यात काजूची फेणी होते ती या देठाच्या रसाची. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. काजूच्या टरफलाचं तेल आणि आंब्याचा चीक अंगावर का उठतो, ते यावरून कळेल.

राहिला परसातला भोपळा. पहिली फुलं गळाली की वेल वांझ म्हणून उपटायला निघणारे आजही भेटतात. थोडं थांबा. भोपळ्याला नर आणि मादी फुलं वेगळी येतात, आणि बहुधा नर आधी. लांब, बारीक देठावरचं फूल नराचं, ते गळणारच. मादीच्या पाकळ्यांखाली इवलासा भोपळा आधीपासूनच असतो. मधमाशी फिरकली तर तो वाढतो, नाहीतर पिवळा पडून झडतो. मधमाश्या दिसत नसतील तर सकाळी नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि आतला दांडा मादी फुलात हलकेच फिरवा. भजी करायचीच असतील तर तीही नर फुलांचीच करा, चार-दोन वेलावर ठेवून.