छोटी स्प्रिंग, मोठा खर्च

पाचोरा : पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि उन्हाळ्यात ४५ अंशांच्या घरात जाणारा पारा, ही खानदेशातील जुन्या जीपची खरी परीक्षा असते. अजिंठ्याच्या डोंगराकडे जाणाऱ्या शिवाररस्त्यांवर अशी गाडी आजही उपयोगी पडते. महिंद्रने १९४० च्या दशकाअखेरीस मुंबईत ज्या विलिस जीपची जुळणी सुरू केली, तिच्या वळणाच्या जुन्या गाड्यांत दांडी व तरफेवर चालणारा साधा यांत्रिक क्लच आढळतो. त्यातील पेडल मागे खेचणारी स्प्रिंग तुटली, की ट्यूबची पट्टी बांधून वेळ मारून नेली जाते. ही काटकसर महागात पडू शकते.

पेडल वर आणणे एवढेच या स्प्रिंगचे काम नाही. पाय काढल्यावर रिलीज बेअरिंगला प्रेशर प्लेटच्या फिरत्या बोटांपासून दूर ठेवण्याचे कामही तीच करते. ती सैल पडली तर बेअरिंग सतत घासत राहते आणि अखेर निकामी होते. मग ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

दोष ओळखणे सोपे आहे. इंजिन चालू असताना क्लचवर पाय नसतानाही घरघर ऐकू येत असेल, तर पायाच्या बोटाने पेडल वर उचलून पाहावे. आवाज थांबल्यास स्प्रिंगवर संशय घ्यावा. मात्र स्प्रिंग काढल्यावर पेडल हाताने हलवून पाहणे आवश्यक आहे. वाळलेल्या चिखलाने पेडलचा शाफ्ट जाम झाला असेल, तर आधी सफाई व ग्रीस. नवी स्प्रिंग त्यावर उपाय नव्हे. हायड्रॉलिक क्लच असलेल्या जीपमध्ये पेडल खालीच राहत असेल, तर प्रथम तेलाची गळती तपासावी.

काम सपाट जागेवर, इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगड लावूनच करावे. जुन्या स्प्रिंगचे आकडे कोणत्या दिशेला आहेत हे पाहून ठेवावे. ताणलेला आकडा निसटला तर थेट डोळ्यावर येतो, चष्मा हवाच. नवी स्प्रिंग हाताने ताणणे कठीण जाते. त्यासाठी मेकॅनिक एक युक्ती करतात. स्प्रिंग शिकंज्यात धरून वाकवायची आणि उघडलेल्या वेढ्यांत वॉशर सरकवायचे. लांबलेली स्प्रिंग सहज अडकते. नंतर वॉशर पक्कडीने ओढून काढायचे. आकडा अडकवण्याचे भोक झिजून लांबट झाले असेल, तर तेही दुरुस्त करून घ्यावे.

दुकानात जुनी स्प्रिंग सोबत न्यावी. लांबी व तारेची जाडी जुळली पाहिजे. जास्त जाड स्प्रिंगने पेडल विनाकारण जड होते. शेवटी पेडलची मोकळी चाल मोजावी. या जातीच्या जीपमध्ये ती साधारण पाऊण ते १ इंच असावी. कमी भरल्यास दांडीचा नट फिरवून ती जुळवावी, अन्यथा नव्या स्प्रिंगनंतरही बेअरिंग घासतच राहील.